वैद्यकीय प्रवेशाच्या चाळण्या
(लेखक : एक निवृत्त शिक्षक, वर्तकनगर, ठाणे)

आपल्या मुलाने अथवा मुलीने डॉक्टर व्हावे, ही इच्छा आज आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबांत आढळते, आणि ती मुळीच गैर नाही. पोखरण रस्त्यावरील रेमंडच्या कारखान्यात किंवा वागळे इस्टेटीत आयुष्यभर पाळ्या करून ज्यांनी वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीत संसार उभे केले, त्यांना आपल्या नातवंडांच्या गळ्यात स्टेथोस्कोप पाहावासा वाटला, तर त्यात नवल ते काय? परंतु या इच्छेबरोबर एक भयही घरोघर शिरले आहे. अकरावीत पाऊल टाकल्यापासून मुलाचे खेळणे, वाचणे, लग्नकार्यास जाणे बंद होते. नौपाड्यापासून घोडबंदर रस्त्यापर्यंत शिकवणीवर्गांच्या पाट्या लागलेल्या असतात आणि त्यांवरील हसऱ्या छायाचित्रांत आपले मूल केव्हा झळकेल, याच चिंतेत आईबाप असतात. निकाल मनासारखा लागला नाही, तर घरात सुतक पडल्यासारखी शांतता पसरते. सतरा-अठरा वर्षांचे ते मूल आपण नापास झालो, नालायक ठरलो, असे मनाशी धरून बसते.

हा समज कितपत खरा आहे, हे ठरविण्यास इतिहासाची मदत होते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारात विद्यार्थी निवडण्याच्या ज्या ज्या चाळण्या आजवर लावण्यात आल्या, त्या कोणी, कोणत्या गरजेपोटी लावल्या, त्यांतून काय गळाले व काय राहिले, याचा आढावा घेण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विद्यार्थी शोधावे लागत तो काळ

मुंबई इलाख्यात पाश्चात्त्य वैद्यक शिकविण्याचा पहिला प्रयत्न १८२६ साली झाला. देशी भाषांतून शिकविणारी ती शाळा १८३२ साली बंद पडली. पुढे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी ही कल्पना पुन्हा उचलून धरली. १८३८ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा मुंबईच्या नागरिकांनी त्यांच्या स्मरणार्थ निधी जमविला. सर जमशेटजी जीजीभाई यांनी रुग्णालयासाठी एक लाख रुपयांची देणगी दिली आणि १८४५ साली भायखळ्यास ग्रँट मेडिकल कॉलेजाचे वर्ग सुरू झाले. डॉ. चार्ल्स मोरहेड हे त्याचे पहिले प्राचार्य होत.

त्या काळी चालकांपुढे प्रश्न गर्दीचा नव्हता, विद्यार्थी मिळविण्याचा होता. प्रेताचे विच्छेदन करावे लागणार, हे कळताच सोवळ्याओवळ्याच्या समाजात पाऊल मागे पडे. कलकत्त्यास १८३६ साली पंडित मधुसूदन गुप्त यांनी प्रेतविच्छेदन केले, ती घटना देशभर गाजली, ती एवढ्याचसाठी. विद्यार्थ्यांनी यावे, टिकावे, म्हणून कलकत्ता व मुंबई या दोन्ही ठिकाणी त्यांना दरमहा वेतन दिले जाई. ज्या विद्येसाठी आज लाखो रुपये मोजण्यास पालक तयार असतात, ती शिकावी म्हणून एके काळी सरकार विद्यार्थ्यांनाच पैसे देत होते, ही गोष्ट आजच्या तरुणांस खरी वाटणार नाही.

ग्रँट कॉलेजातून १८५१ साली पहिले आठ पदवीधर बाहेर पडले. गोव्यातील मांद्रे येथून मुंबईस आलेले भाऊ दाजी लाड, पुढे १८६७ साली प्रार्थना समाजाच्या स्थापनेत अग्रभागी असलेले आत्माराम पांडुरंग, अनंत चंद्रोबा ही त्यांतील मराठी नावे. इतरांत पारशी व ख्रिस्ती विद्यार्थी होते. भाऊ दाजी कॉलेजात आले ते एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षकाचे काम करून व काठेवाड-कच्छमधील बालहत्येवरील निबंधास पारितोषिक मिळवून. त्यांची योग्यता आधीच लोकांच्या डोळ्यांपुढे होती. ही निवड ओळखीची होती. गुरू शिष्यास प्रत्यक्ष पाहून, त्याचे काम तपासून घेत असे. या पद्धतीत विद्यार्थ्याची खरी पारख होई. पण ज्याला कोणी ओळखत नाही, अशा खेड्यातील वा गरिबाच्या मुलास तीत जागा नव्हती. स्त्रियांना तर १८८३ सालापर्यंत ग्रँट कॉलेजचे दार बंदच होते.

त्याच १८८३ साली मूळच्या कल्याणच्या जोशी घराण्यातील आनंदीबाई अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मागताना त्यांच्यापाशी कोणत्याही विद्यापीठाच्या परीक्षेचा दाखला नव्हता. होते ते एक पत्र. आपले शिक्षण किती झाले आहे, याचा प्रामाणिक हिशेब त्यांनी त्यात दिला. स्वकीयांचा व ज्ञातीचा विरोध पत्करून आपण येथवर आलो आहो, हा निश्चयच आपल्या उपयोगी पडेल, असे सांगितले. आणि मायदेशातील पीडित भगिनींना खरे वैद्यकीय साहाय्य देणे हा आपला हेतू असल्याचे नमूद केले. महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला. १८८६ साली त्या एम. डी. झाल्या. पुढल्याच वर्षी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, त्यांचे पुण्यास निधन झाले. आजच्या प्रवेश अर्जात असे पत्र जोडण्यास एकही रकाना नाही. आणि ज्ञातिसंस्थेच्या अंकात हे लिहिताना आणखी एका गोष्टीची नोंद केलीच पाहिजे : ज्या गोष्टीसाठी आज ज्ञातिसंस्था सत्कार करतात, तिलाच त्या काळच्या ज्ञातीने विरोध केला होता.

मॅट्रिक, इंटर आणि गुणांची रांग

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि मॅट्रिक्युलेशनची परीक्षा उच्च शिक्षणाच्या दारावरील पहारेकरी बनली. ओळखीच्या जागी दाखला आला. हा बदल लोकशाहीच्या दिशेने होता, हे विसरता कामा नये. परीक्षकास उत्तरपत्रिका कोणाच्या मुलाची आहे, हे ठाऊक नसते. म्हणून ज्याच्या पाठीशी कोणी नाही, त्याचा आधार परीक्षाच असते. आपल्यासारख्या मध्यम स्थितीतील ज्ञातींची मुले पुढे आली, ती बऱ्याच अंशी या लेखी परीक्षांच्या जोरावर.

महाविद्यालये मात्र सावकाश वाढली. असहकारितेच्या चळवळीत १९२१ साली मुंबईत राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तेच पुढे नायर रुग्णालयाशी जोडलेले टोपीवाला महाविद्यालय झाले. परळ येथे १९२६ साली शेठ गोर्धनदास सुंदरदास महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय उभे राहिले. तेथील अध्यापक भारतीयच असावेत, अशी अट देणगीत होती. पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलचे १९४६ साली महाविद्यालयात रूपांतर झाले. त्यानंतर नागपूर १९४७, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) १९५६, मिरज १९६२, सोलापूर १९६३, मुंबईतील शीव १९६४, अशी ही मालिका वाढत गेली.

स्वातंत्र्यानंतर शाळा वाढल्या, मॅट्रिक होणारे वाढले, डॉक्टरी व्यवसायास प्रतिष्ठा व प्राप्ती दोन्ही आल्या. उमेदवार जागांपेक्षा अधिक झाले, तेव्हा ‘कोण पात्र आहे?’ हा प्रश्न मागे पडून ‘पात्र असलेल्यांपैकी कोणास वगळावे?’ हा प्रश्न पुढे आला. हे दोन प्रश्न निराळे आहेत. पहिल्याचे उत्तर उत्तीर्ण-अनुत्तीर्ण या शब्दांत देता येते. दुसऱ्याचे उत्तर देण्यास रांग लावावी लागते, आणि रांगेत एका गुणाचा फरकही पुरेसा ठरतो. इंटर सायन्सच्या जीवशास्त्र गटातील गुणांवर वैद्यकीय प्रवेश मिळू लागला, तेव्हापासून ही रांग आपल्याकडे सुरू झाली. आज कायम असलेली चिंता त्या रांगेच्याच पोटी जन्मली.

बारावीचे गुण आणि सामाईक परीक्षा

महाराष्ट्रात १९७५ साली नव्या आकृतिबंधातील दहावीची पहिली परीक्षा झाली. इंटरची जागा यथाकाल बारावीने घेतली आणि वैद्यकीय प्रवेशाचा कणा भौतिक, रसायन व जीवशास्त्र या विषयांतील बारावीचे गुण हा झाला. या काळात लातूरच्या महाविद्यालयांनी नियोजनबद्ध अभ्यासाची, वारंवार सराव परीक्षांची जी पद्धत रूढ केली, ती ‘लातूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर प्रसिद्ध झाली. मागास समजल्या जाणाऱ्या मराठवाड्यातील मुले मुंबई-पुण्याच्या मुलांच्या पुढे जाऊ शकतात, हे तिने सिद्ध केले. त्याचबरोबर कोणत्याही परीक्षेसाठी मूल ‘तयार’ करता येते, हेही तिने दाखविले. मूल तयार करता येते, असे एकदा ठरले की तयारीचा बाजार भरण्यास वेळ लागत नाही.

बारावीच्या गुणांत दोन मोठे दोष होते. एक, राज्य मंडळ व केंद्रीय मंडळे यांचे अभ्यासक्रम आणि तपासणी निरनिराळी. एका मंडळाचे नव्वद गुण दुसऱ्याच्या नव्वदाबरोबर तोलणे म्हणजे शेर आणि किलो यांची बेरीज करणे होय. दुसरा, वर्णनात्मक उत्तरांच्या तपासणीत परीक्षकपरत्वे दोन-चार गुणांचा फरक पडणारच. उत्तीर्ण होण्यापुरता तो क्षुल्लक असला, तरी रांगेत तोच फरक मुलाचे भवितव्य ठरवी.

याच सुमारास तिसरी वाट उघडली, ती पैशाची. १९८३ नंतर राज्यात विनाअनुदान व्यावसायिक महाविद्यालयांस परवानगी मिळू लागली. त्यांमुळे जागा वाढल्या, ग्रामीण भागांत रुग्णालये आली, हे खरे; पण देणगीच्या नावाखाली प्रवेश विकला जाऊ लागला. कॅपिटेशन फीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८७ साली केला. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली मोहिनी जैन व १९९३ साली उन्नीकृष्णन या खटल्यांत आणि २००५ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या इनामदार खटल्यात या प्रश्नाचा ऊहापोह केला. खाजगी संस्थांचे अधिकार व गुणवत्तेचा आग्रह यांची सांगड घालण्याचा तो प्रयत्न होता.

सर्वांसाठी एकच तराजू असावा, या विचारातून राज्यात वैद्यकीय प्रवेशासाठी सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, आली. त्याआधी १९८४ सालच्या प्रदीप जैन खटल्यापासून सुरू झालेल्या न्यायालयीन निर्णयांमुळे शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा देशभरातील विद्यार्थ्यांसाठी राखल्या गेल्या व त्यांच्यासाठी अखिल भारतीय पूर्ववैद्यकीय परीक्षा घेतली जाऊ लागली. शिवाय अनेक संस्था आपापल्या परीक्षा घेत. एकाच उन्हाळ्यात बापाने मुलास घेऊन आज पुणे, उद्या वर्धा, परवा दिल्ली असा प्रवास करावा, प्रत्येक ठिकाणी निराळे शुल्क भरावे, असा तो काळ होता. ठाणेकरांच्या दृष्टीने याच काळातील एक सुखद घटना म्हणजे १९९२ साली ठाणे महापालिकेने कळवा येथे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. आपल्या शहरात राहून वैद्यक शिकण्याची सोय तेव्हा प्रथम झाली. २०२४ साली अंबरनाथ येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू होऊन जिल्ह्यात आणखी भर पडली.

एक देश, एक परीक्षा

या सर्व परीक्षांच्या जागी एकच राष्ट्रीय परीक्षा असावी, म्हणून ‘नीट’ची योजना झाली. तिचा मार्ग सरळ नव्हता. ५ मे २०१३ रोजी ती प्रथम घेण्यात आली. त्याच वर्षी १८ जुलैस सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने ती रद्द ठरविली. ११ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने तो निर्णय मागे घेतला. बारावी आटोपून राज्याच्या सीईटीची तयारी करीत बसलेल्या महाराष्ट्रातील मुलांवर त्या उन्हाळ्यात जो प्रसंग आला, तो पुष्कळांस आठवत असेल. परीक्षा बदलली, अभ्यासक्रमाचा आधार बदलला आणि हाती उरले थोडे आठवडे. अखेर मे महिन्यात केंद्र सरकारने वटहुकूम काढून त्या वर्षापुरती राज्यांच्या शासकीय जागांना मोकळीक दिली. २०१७ पासून मात्र राज्यांच्या प्रवेशांसाठी नीट हेच एकमेव दार झाले. मराठीसह अनेक भारतीय भाषांतून ती देण्याची सोयही झाली. राज्यातील विभागवार ७०:३० हे प्रवेशाचे सूत्र २०२० साली शासनाने रद्द केले.

या एका दारावर केवढी गर्दी आहे, हे आकड्यांवरूनच कळेल. २०२४ साली सुमारे २३ लाख विद्यार्थ्यांनी ही परीक्षा दिली, देशातील एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या सुमारे १ लाख १० हजार, आणि त्यांतील निम्म्याच्या आसपास जागा सर्वसामान्य कुटुंबास न पेलणाऱ्या शुल्काच्या खाजगी संस्थांतील. म्हणजे वीस-एकवीस मुलांमागे एक जागा. २०१४ पूर्वी देशात जागा ५१ हजारांच्या घरात होत्या. त्या दुपटीहून अधिक झाल्या, तरी रांग आखूड झाली नाही. जागांहून उमेदवार अधिक वेगाने वाढले. या गणितात सर्व २३ लाख मुले अत्यंत हुशार असती व सर्वांनी जिवापाड अभ्यास केला असता, तरीही वीसांतील एकोणीस मुले बाहेरच राहिली असती. हा दोष त्या एकोणीस मुलांचा नव्हे.

गुणांचे मोल किती चंचल असते, याचेही उदाहरण ताजे आहे. २०२४ साली ७२० पैकी ७२० गुण मिळविणारे प्रथम ६७ निघाले. वाढीव गुण दिलेल्या १५६३ विद्यार्थ्यांचा व एका वादग्रस्त प्रश्नाचा निकाल लागल्यावर ती संख्या १७ वर आली. पाटणा व हजारीबाग येथे प्रश्नपत्रिका फुटल्याचे उघड झाले. तथापि सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलै २०२४ रोजी संपूर्ण परीक्षा रद्द करण्यास नकार दिला. त्याआधी २०१५ सालची पूर्ववैद्यकीय परीक्षा विद्युत उपकरणांच्या साहाय्याने झालेल्या कॉपीमुळे न्यायालयाने पूर्णपणे रद्द करून पुन्हा घ्यावयास लावली होती. पुढे २०२५ साली नीटची प्रश्नपत्रिका, विशेषतः भौतिकशास्त्राची, इतकी कठीण निघाली की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यास ६८६ गुण मिळाले आणि शासकीय प्रवेशाची गुणरेषा शंभराहून अधिक गुणांनी खाली आली. एका वर्षात मुलांची बुद्धी शंभर गुणांनी घटली काय? मुले तीच होती. बदलली ती प्रश्नपत्रिका. म्हणून ‘याला साडेपाचशेच गुण पडले’ हे वाक्य, ते कोणत्या वर्षीचे आहेत हे सांगितल्याशिवाय, निरर्थक आहे.

कल कसा ओळखावा?

येथे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. नीटमध्ये १८० प्रश्न असतात : ४५ भौतिकशास्त्राचे, ४५ रसायनाचे, ९० जीवशास्त्राचे. विद्यार्थ्यास विषय किती येतो व तीन तासांत तो किती चपळाईने चुकीचा पर्याय टाळतो, हे त्यांवरून कळते. पण रक्त पाहून त्याचे मन स्थिर राहते का, म्हाताऱ्या रुग्णाचे लांबलेले बोलणे तो ऐकून घेईल का, आपली चूक वरिष्ठांपुढे कबूल करील का, हे त्यांवरून कळत नाही. ज्ञान एक, बुद्धी दुसरी आणि कल तिसरा. या तिहींची गल्लत आपण नेहमी करतो.

बुद्धी मापण्याचा शास्त्रीय प्रयत्न फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली केला, तो हुशार मुलांना निवडण्यासाठी नव्हे, तर शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत करता यावी म्हणून. त्या कसोट्या मराठी व कन्नड मुलांसाठी बसविण्याचे मोलाचे काम आपल्या इलाख्यात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केले. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने बुद्धिमापन कसोट्यांचा विद्यार्थी निवडण्यास उपयोग केला. दहावीच्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ‘कलचाचणी’ सुरू केली, ती अनेक पालकांस आठवत असेल. ती सल्ल्यापुरती होती. तिच्यावर प्रवेश अवलंबून नसल्याने बहुतेक घरांत तिच्या अहवालाकडे कोणी फारसे पाहिले नाही.

वैद्यकासाठी खास कलचाचणी घेण्याचा उपक्रम प्रथम अमेरिकेत झाला. तेथे महाविद्यालयांत आलेले पुष्कळ विद्यार्थी अभ्यासक्रम अर्धवट सोडीत. म्हणून १९२८ साली फ्रेड मॉस यांनी एक चाचणी तयार केली; तिच्याच वंशात आजची ‘एमकॅट’ परीक्षा येते. ध्यानात ठेवावयाची गोष्ट अशी की, अभ्यासक्रम कोण पुरा करील, हे शोधणे हा त्या चाचणीचा हेतू होता. चांगला डॉक्टर कोण होईल, हा नव्हे. इंग्लंडमध्ये २००६ पासून जी चाचणी आहे, तीत तर्कशक्तीबरोबर ‘अशा प्रसंगी तुम्ही काय कराल?’ अशा प्रकारचे प्रश्नही असतात. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने एका लांब मुलाखतीऐवजी अनेक छोट्या मुलाखतींची पद्धत काढली. तीत प्रत्येक खोलीत निराळा परीक्षक व निराळा प्रसंग असतो, त्यामुळे एकाच्या मर्जीवर काही अवलंबून राहत नाही. नेदरलँड्सने तर १९७० च्या दशकापासून कित्येक वर्षे पात्र विद्यार्थ्यांत चक्क चिठ्ठ्या टाकल्या; अधिक गुणांच्या विद्यार्थ्यास अधिक संधी, पण खात्री नाही. पात्र मुले जागांपेक्षा अधिक असतील, तर त्यांच्यातील निवड काही अंशी दैवाची असते, हे त्या देशाने उघडपणे मान्य केले, एवढाच तिचा अर्थ.

आपल्या महाराष्ट्रातही कल तपासण्याचे दोन मोठे प्रयोग झाले आहेत. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय १९४८ सालचे. तेथे नीटच्या गुणांवर उमेदवारांस केवळ बोलाविले जाते. त्यानंतर आकलन व तर्कशक्तीची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत व शारीरिक तपासणी होते. सैन्यात डॉक्टर म्हणून राहण्याचा पिंड या मुलाचा आहे का, हे तेथे पाहतात. दुसरा प्रयोग सेवाग्रामचा. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. तिच्या प्रवेश परीक्षेत शास्त्र विषयांबरोबर गांधी विचारांची एक स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांना आरंभीच आश्रमात शिबिरासाठी राहावे लागे. खादी वापरणे व खेड्यातील कुटुंबांशी नाते जोडणे हा तेथील शिक्षणाचाच भाग. गांधी विचारांचीही घोकंपट्टी करता येते, हा आक्षेप खरा आहे. परंतु खेड्यात सेवा करावयाची आहे, हे दारातच सांगणारी ती प्रश्नपत्रिका होती. नीट हे एकच दार झाल्यावर ती इतिहासजमा झाली.

या दोन्ही प्रयोगांवरून कल तपासणे अशक्य नाही, असे दिसते. मात्र ते थोड्या उमेदवारांपुरते साधते. २३ लाख मुलांच्या मुलाखती घेणे कोणत्याही सरकारला शक्य नाही. आणि मुलाखत आली की वशिला येतो, ही आपली जुनी व खरी भीती आहे. ओळखीतून परीक्षेकडे आपण आलो, ते याच भीतीपोटी. प्रत्येक चाळणी आधीच्या चाळणीचा दोष काढण्यासाठी आली आणि आपला नवा दोष घेऊन आली. आजच्या चाळणीने पक्षपात पुष्कळ कमी केला. पण कल पाहण्याचे काम तिने कोणावरच सोपविले नाही.

हे काम घराचे आहे

सरकार व विद्यापीठे जे काम करू शकत नाहीत, ते आईबाप करू शकतात. कारण मुलास लहानपणापासून पाहणारे तेच असतात. चाळीस वर्षे वर्गात उभे राहून मी हे पाहिले आहे की, वर्गात कोणाला भोवळ आली असता पाणी आणावयास धावणारा मुलगा नेहमी पहिल्या क्रमांकाचा असतोच असे नाही. म्हणून आपल्या ज्ञातीतील पालकांस चार नम्र सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली, अकरावीची शाखा व लाख-दीड लाखाची शिकवणी ठरविण्यापूर्वी मुलास रुग्णालय दाखवावे. घरातील वा शेजारचा कोणी आजारी असेल, तर कळव्याच्या किंवा सिव्हिल रुग्णालयात त्याच्या सोबतीस मुलाला चार दिवस बसवावे. तेथील वास, गर्दी, रडणे व प्रतीक्षा त्याने अनुभवावी. त्यानंतरही तो ‘मला हेच करावयाचे आहे’ असे म्हणाला, तर ती खरी कलचाचणी झाली असे समजावे.

दुसरी, परीक्षा किती वेळा द्यावयाची, हे आधी ठरवावे. नीटला किती वेळा बसावे, यावर बंधन नाही. वयाची वरची मर्यादाही २०२२ साली उठली. सरकारने मर्यादा घातली नसल्याने ती घरालाच घालावी लागते. तसे न केल्यास ‘आणखी एक वर्ष’ म्हणता म्हणता मुलाची तीन-चार उमेदीची वर्षे व बापाचा भविष्यनिर्वाह निधी दोन्ही संपतात. विदेशातील स्वस्त वाटणाऱ्या महाविद्यालयांचा विचारही पूर्ण चौकशीअंती करावा; २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले, तेव्हा हजारो भारतीय विद्यार्थ्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले आणि परत येऊन व्यवसाय करण्यास येथील परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागतेच.

तिसरी, रुग्णसेवा म्हणजे केवळ एम.बी.बी.एस. नव्हे. परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ, औषधनिर्माता, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, आयुर्वेदाचा वैद्य, यांच्यावाचून कोणतेही रुग्णालय एक दिवस चालणार नाही. करोनाच्या साथीत, २०२० व २०२१ साली, ठाण्यातील रुग्णांच्या उशाशी रात्रभर कोण उभे होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्याचा कल सेवेकडे आहे, त्यास सेवेची दारे पुष्कळ आहेत. ज्याचा कल केवळ प्रतिष्ठेकडे आहे, त्यालाच एक दार बंद झाल्यावर सारे जग बंद झाल्यासारखे वाटते.

चौथी सूचना आपल्या मंडळास. शिक्षण निधीतून दिली जाणारी मदत व सत्कार हे बहुधा गुणांच्या रांगेतील पुढच्या मुलांना मिळतात. त्यांचा गौरव जरूर व्हावा. परंतु परिचर्येच्या अभ्यासक्रमास गेलेल्या मुलीस, तंत्रज्ञ होऊन तालुक्याच्या रुग्णालयात रुजू झालेल्या मुलास त्याच मानाने बोलाविले जावे. आणि ज्यांना यंदा जागा मिळाली नाही, त्यांच्या घरी मंडळाच्या ज्येष्ठांपैकी कोणी तरी आपण होऊन जावे. त्या वेळी गुण विचारू नयेत. चहा घ्यावा, पुढील वाटांची माहिती द्यावी आणि वीसांतील एकोणीसांचे गणित त्या मुलास शांतपणे समजावून सांगावे. ज्ञातिसंस्था कशासाठी, याचे उत्तर मला तरी अशाच कामात दिसते.

चाळणीचा धर्म चाळण्याचा. तिच्यातून खाली आलेले पीठ आपण पोळीसाठी घेतो आणि वर राहिलेला कोंडाही टाकून देत नाही. मुले तर पीठही नव्हेत आणि कोंडाही नव्हेत. ती बियाणे आहेत, आणि प्रत्येक बियाण्याची जमीन निराळी असते. ती जमीन शोधून देणे हे परीक्षेचे काम नसून आपले आहे. सर्व ज्ञातिबंधुभगिनींनी या गोष्टीचा विचार करावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.